अपोलोच्या देवळाला कळस

उल्हासचे हात स्वस्थ बसत नाहीत, हे त्याला ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणाकडे जेवायला गेला तर पान मांडेपर्यंत त्यांच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी नीट करून मोकळा. कोबेतल्या त्याच्या ऑफिसात, म्हणजे मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीच्या इथल्या शाखेत, छत्रीची काडी मोडली की माणसं ती फेकून देत नाहीत. "उल्हास-सान" म्हणत त्याच्या टेबलावर आणून ठेवतात, आणि हा गडी डबा खाता खाता ती दुरुस्त करतो. त्याची बायको नंदिनी म्हणते, याला स्वर्गात नेलं तर हा आधी दाराला तेल घालील, मग आत जाईल.

आता असा माणूस गणपतीचं मखर दुसऱ्या कुणाला करू देईल का? कोबेला बदली झाल्यापासून दर वर्षी घरच्या गणपतीची आरास त्याचीच. एका वर्षी पुठ्ठ्याचं बंदर केलं होतं, क्रेनसकट, आणि ती क्रेन मोदक उचलायची. लोक ओसाकाहून बघायला आले होते. नंतर आठवडाभर उल्हासचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पण त्याच्या घरातच एक माणूस असा होता की ज्याला या कशाचंही कौतुक नव्हतं. जुई, त्याची लेक. जपानात आली तेव्हा पहिलीतली चिमुरडी होती, आता इथल्या चूगाक्कोत, म्हणजे माध्यमिक शाळेत जाते. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जपानीत येतं, आणि तेही बहुतेक वेळा एकाच शब्दात. "जुई, शाळेत काय झालं आज?" "बेत्सुनी." "मग मैत्रिणी काय म्हणतात?" "बेत्सुनी." बेत्सुनी म्हणजे विशेष काही नाही. उल्हास मनात म्हणायचा, अगं बाई, तुझ्या आयुष्यात खरंच विशेष काही घडत नाही, की घडतं ते बापाला सांगण्यासारखं नसतं? आरतीच्या वेळी ती दारात उभी राहायची, पाहुणी आल्यासारखी. टाळ हातात दिला तर वाजवायची, नाही दिला तर नाही. हे त्याला फार लागायचं. बोलून दाखवत नसे, पण लागायचं.

आणि यंदा जुलै महिन्यात, तो बाल्कनीत कुंडीला तार बांधत असताना, ही मुलगी आपण होऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, या वर्षी मखर मी करू?"

अख्खं वाक्य. मराठीत! उल्हासच्या हातातली पक्कड खालच्या मजल्यावर पडायची राहिली.

"कर की! कशाचं करणार?"

"ग्रीक देऊळ."

"वा वा वा!" उल्हास म्हणाला. आणि खरं सांगायचं तर तिथेच त्याचं चुकलं. त्याने पुढे एक प्रश्न विचारला नाही. कुठलं देऊळ, तेच का, कसं करणार, काही नाही. त्याच्या डोळ्यांपुढे लगेच पांढरेशुभ्र खांब, वर तिकोनी छप्पर आणि मध्ये बाप्पा असं चित्र उभं राहिलं, आणि तो पुठ्ठे आणायला पळाला. जुईने मागून एकच अट घातली. "तू हात लावायचा नाही. याकुसोकु?"

"याकुसोकु," उल्हास म्हणाला. "वचन. बापाचं वचन."

इथली उन्हाळ्याची सुट्टी ऑगस्टात असते, ती सगळी पोरगी त्यात बुडाली होती. शाळेच्या लायब्ररीतून एक जाडजूड फोटोंचं पुस्तक आणलं होतं. किचन पेपरच्या नळ्यांचे खांब, त्यांना कागदाचा लगदा, वर रंग. उल्हास येता-जाता डोकावायचा आणि हात पाठीमागे बांधून परत फिरायचा. नंदिनीला हसू आवरायचं नाही. "बघ हं, सुटतील हात," ती म्हणायची.

पण जसजसं देऊळ उभं राहू लागलं, तसतसा उल्हासचा जीव खालीवर व्हायला लागला. खांब राखाडी. त्यांना भेगा पाडलेल्या. काही जरासे कललेले. भिंती अर्ध्यावरच संपलेल्या, वर छप्पर नाही, आणि भोवती पुठ्ठ्याच्या दगडांचा ढीग. आत, बरोबर मधोमध, एक खांब एकटाच उभा, त्याच्या माथ्यावर कागदाची बारीक पानं. आणि या सगळ्यावर काड्यांच्या आधाराने एक पांढरं कापड ताणलेलं, हाताने टाके घालून चुण्या केलेल्या. कशासाठी, कोण जाणे. त्याला वाटलं, रंग वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून घातलं असेल.

"पुरं व्हायचंय ना अजून?" त्याने भीत भीत विचारलं.

"झालं," जुई म्हणाली.

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी मुलुंडहून आईचा व्हिडिओ कॉल आला. जुई क्लासला गेली होती. उल्हासने फोन मखरासमोर धरला.

"उल्हास, हे काय रे?"

"ग्रीक देऊळ आहे, आई. जुईने केलंय."

"ते कळलं. पण पडलंय ना ते! अरे, भंगलेली मूर्ती आपण घरात ठेवत नाही, फुटका आरसा ठेवत नाही, आणि तू देवालाच पडक्या घरात बसवणार? वर्षातून एकदा येतो बिचारा. पाहुण्याला कुणी असं उतरवतं का?"

"आई, लहान आहे ती."

"ती लहान आहे, तू तर घोडा झालास ना? जरा नीटनेटकं करून दे की. तिला काय, आनंदच होईल."

आनंदच होईल! हे वाक्य उल्हासला हवंच होतं. त्याने रात्रभर ते चघळलं. बरोबर आहे, पोरीला छप्पर जमलं नसेल, लाजेने बोलली नसेल. बापाने वेळेला मदत करायची नाही तर कधी करायची? आणि वचनाचं काय? वचन मखर बिघडवू नये म्हणून होतं, सुधारू नये म्हणून थोडंच होतं! माणसाला मनासारखं करायचं असलं की वकील घरचाच मिळतो.

सकाळी जुई शाळेत गेली. नंदिनी उपास असूनही दूर्वा, नारळ, केळीची पानं मिळतील तिथून गोळा करायला सान्नोमियाच्या बाजाराकडे निघाली. उल्हासने रजाच टाकली होती. दार बंद झालं आणि बाह्या वर झाल्या.

पहिल्यांदा ते पांढरं कापड काढलं. जाळायचा कचरा न्यायचा दिवस होता, गाडी यायची वेळ झाली होती, तेव्हा पुठ्ठ्याच्या ढिगाऱ्यासकट ते पिशवीत कोंबलं आणि खाली ठेवून आला. मग फेविकॉल काढला, भारतातून आणलेला, कारण इथल्या गोंदावर त्याचा विश्वास नाही. कललेले खांब सरळ केले. भेगा बुजवल्या. सगळं पांढरं रंगवलं. दुधासारखं छप्पर केलं, तिकोनी. मधला तो एकटा खांब देवाच्या तोंडासमोर येत होता, तो उपटला आणि बाजूला नेऊन त्याच्यावर निरांजन ठेवायची सोय केली. दुपारी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर काहीतरी कमी वाटलं. काय बरं? अरे हो! देऊळ आहे आणि कळस नाही?

मग त्याने सोनेरी कागदाचा कळस केला. सुरेख केला, खोटं कशाला बोला. अपोलोच्या देवळाच्या माथ्यावर तो चिकटवला आणि दाराला आंब्याच्या पानांचं कागदी तोरण लावलं.

नंदिनी आधी परतली. पिशव्या हातातच राहिल्या. "उल्हास," ती म्हणाली, "तू काय केलंस हे?"

त्याने उत्तर द्यायच्या आत जुई आली. बूट काढले, आत आली, मखरासमोर उभी राहिली. उल्हास तोंडभर हसत उभा. तिने छप्पर पाहिलं, कळस पाहिला, कोपऱ्यात निरांजन डोक्यावर घेतलेला आपला खांब पाहिला.

"तेन्तो?" तिने विचारलं. तंबू कुठाय?

"ते कापड होय? ते गेलं कचऱ्यात. आता काय गरज? छप्पर आलं ना!"

जुईचा चेहरा बदलला नाही. "सुगोइ ने," ती म्हणाली, छान झालंय, अगदी शेजाऱ्यांशी बोलावं तशा आवाजात. वाकून मानही हलवली. मग खोलीत गेली आणि दार हळूच लावून घेतलं.

आपटलं असतं तर बरं, असं उल्हासला वाटलं. आरडाओरडा केला असता, फेविकॉलची बाटली फेकली असती तरी चाललं असतं. ही नम्रता त्याला सहन होईना.

"करायला गेला गणपती आणि झाला मारुती," नंदिनी म्हणाली. ती चिडली की हळू बोलते. "तुला माहीत तरी होतं का ती काय करत होती?"

"देऊळ. पण मोडकं."

"मोडकंच करायचं होतं तिला! मुंबईहून कुणी आलं की तू त्याला मेरिकेन पार्कमध्ये घेऊन जातोस. तो भूकंपात तुटलेला बंदराचा धक्का दाखवतोस, ते वाकडे दिव्याचे खांब दाखवतोस. 'बघा, यांनी मुद्दाम तसाच ठेवलाय, आठवण म्हणून.' छाती फुगवून सांगतोस. तिथे कधी सिमेंटची गोणी घेऊन गेला नाहीस ते?"

तो धक्का त्याने इतक्या वेळा दाखवला होता की त्याचं भाषण पाठ झालं होतं. आणि घरातल्या घरात...

"इतक्या वर्षांनी तिने आपणहून काही मागितलं," नंदिनी म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "आता पुढच्या वेळी नाही मागणार, उल्हास."

हेच त्याला सलत होतं. मखराचं काय, मखर पुन्हा होईल. पण ते दार हळूच लागलं, ते आता उघडणार की नाही?

बराच वेळ तो मखरासमोर बसून राहिला. मग उठला, जुईच्या दारावर टकटक केली आणि उत्तराची वाट न पाहता बाहेरच फरशीवर मांडी घातली.

"जुई, तंबू कशासाठी होता?"

"बेत्सुनी."

"मी विचारलंच नाही तुला. जुलैमध्ये विचारायला हवं होतं. मी चुकलो, बाळा. वचन दिलं आणि मोडलं. तू चिडलीस तर बरोबर आहे तुझं. पण मला ते देऊळ सांग ना. दारातून सांग हवं तर."

मग पावलं वाजली, आणि किलकिल्या झालेल्या दारातून ते जाडजूड पुस्तक सरकत बाहेर आलं. उघडलेलं. त्या पानावर डोंगरात एक प्रचंड पांढरा तंबू होता, सर्कशीचा असावा तसा. उल्हासने पान उलटलं. तंबूच्या आत देऊळ होतं. राखाडी, भेगाळलेलं, बिनछपराचं.

"हे खरंच असं आहे?" तो चकित होऊन म्हणाला. "देऊळ तंबूत?"

दार पुरतं उघडलं. जुई उंबऱ्याच्या आत, तो बाहेर, मध्ये पुस्तक. ती सांगू लागली, आधी जपानीत, मग बापाला पुरतं कळत नाहीये हे पाहून मधेमधे मराठीत. बासाई नावाची जागा. डोंगरात, शहरापासून लांब. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे साथ आली होती म्हणतात. माणसं मरत होती. मग साथ गेली, आणि गावातल्या लोकांनी अपोलोला देऊळ बांधलं, थँक्यू म्हणून. त्या अपोलोचं नावच मदतीला येणारा असं.

"म्हणजे नवस फेडला," उल्हास म्हणाला.

"नवस म्हणजे?"

त्याने सांगितलं. जुईने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला.

मग लोक गेले, ती म्हणाली. गाव संपलं. देवळाला सगळे विसरले, शेकडो वर्षं. फक्त मेंढपाळांना माहीत होतं. एका फ्रेंच माणसाला डोंगरात हिंडताना ते अचानक दिसलं. त्याला इतकं आवडलं की तो पुन्हा बघायला निघाला, आणि वाटेत चोरांनी त्याला मारलं. मग इंग्रज आले, आतल्या भिंतीवरची दगडात कोरलेली सगळी चित्रं काढून लंडनला नेली. जे उरलं ते पाऊस, बर्फ, भूकंप. "आणि मग," जुई म्हणाली, "कुणीतरी तंबू घातला. मी लहानसुद्धा नव्हते... मी नव्हतेच तेव्हा. आईच्या लहानपणी. भिजू नये म्हणून. आणि आतमध्ये माणसं एकेक दगड बघतात, हळूहळू नीट करतात. नवीन नाही करत. मला ते... मला ते फार आवडलं."

या मुलीच्या मनात एवढं होतं, आणि मी तिला विचारत होतो शाळेत काय झालं!

"आणि तो मधला खांब?"

"तसल्या पानांचा जगातला सगळ्यात जुना. सापडलेल्यातला." ती त्याच्याकडे बघायला तयार नव्हती. "तू त्याच्यावर दिवा ठेवलास."

"गाढव आहे मी," उल्हास म्हणाला. "ऊठ. मला सांग, कुठला खांब किती कलला होता. आपण परत मोडू."

मोडणंही सोपं नसतं, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. फेविकॉलचा जोड तो, छप्पर निघेना. निघालं तेव्हा दोन खांब घेऊनच निघालं. जुई पुस्तकातल्या फोटोवर बोट ठेवून सांगायची, "हा असा. नाही बाबा, डावीकडे. थोडा." आणि आयुष्यभर वाकडं सरळ करणारा उल्हास जीव मुठीत धरून सरळ वाकडं करत होता. राखाडी रंग पुन्हा चढला. एकटा खांब जागेवर गेला. देवळाला बाजूला एक दार होतं, पूर्वेकडे, तिथून उजेड यायचा म्हणे. बाप्पाला तिथे बसवायचं ठरलं, म्हणजे खांब समोर येत नाही. हे तिचं आधीपासूनच ठरलेलं होतं. कळस तिने काळजीपूर्वक सोडवला आणि कपाटावर ठेवला. "छान आहे हा," ती म्हणाली. "पण या देवळाचा नाही."

राहिला तंबू. तो मात्र कचऱ्याच्या गाडीबरोबर केव्हाच गेला होता. "दाइजोबु," जुई म्हणाली, चालेल. पण तिने किती दिवस बसून त्या चुण्या घातल्या होत्या हे उल्हासने पाहिलं होतं. तो आत गेला आणि कपाटातून आपलं पूजेचं धोतर घेऊन आला. पांढरंशुभ्र, घडी न मोडलेलं.

"घे."

"हे? बाबा, मग उद्या पूजेला तू काय नेसणार?"

"ट्रॅकपँट."

जुईने त्याच्याकडे पाहिलं. आधी ओठ हलले, मग खुदकन हसू फुटलं, आणि मग ती अशी हसायला लागली की स्वयंपाकघरातून नंदिनी पळत आली. धोतर कापायचं नाही, असं जुईने ठरवलं. अख्खंच ताणलं. ते इतकं लांब निघालं की देऊळ, शेजारचं पुस्तकांचं कपाट आणि टीव्ही, सगळं तंबूत गेलं. खरा तंबूही असाच मोठा आहे, ती म्हणाली, आणि तिघांनी मिळून त्याच्या दोऱ्या पडद्याच्या दांडीला बांधल्या.

मुलुंडला फोन उल्हासनेच केला. "आई, देऊळ पडकंच ठेवतोय," आणि धीर करून सगळी हकिकत सांगितली, साथीची, नवसाची, तंबूची. आईने मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे नवसाला पावणारा होता म्हणायचा," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मग नुसतं काय बसवताय? त्याच्याही नावाने एक नारळ ठेवा. आणि जुईला म्हणावं, आजीला नीट माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला घर भरलं. कोबेतल्या मराठी मंडळींचे वडीलधारे म्हणजे शैलेंद्रकाका. बँकेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले, आणि पूजेअर्चेतली चूक शंभर पावलांवरून ओळखणारे. त्यांनी दारातच उल्हासला नखशिखांत पाहिलं.

"उल्हास, ट्रॅकपँट? अरे, धोतर कुठे तुझं?"

"देवळावर आहे, काका."

काका आत आले, मखरासमोर थांबले, चष्मा पुसला. "सुंदर आहे," ते म्हणाले, "पण हे पडकं का ठेवलंय?"

उल्हासने तोंड उघडलं. भाषण तयार होतं. मग त्याने तोंड मिटलं आणि जुईकडे पाहिलं. ती दारात उभी होती, नेहमीच्या जागी. मान खाली, कान लाल. आता ती "बेत्सुनी" म्हणेल आणि सटकेल, असं त्याला वाटलं.

जुई दारातून निघाली आणि माणसांमधून वाट काढत मखराजवळ आली.

"लोकांनी नवस केला," ती म्हणाली. मराठी अडखळत होतं, पण आवाज स्पष्ट होता. "साथ होती. देवाने मदत केली. म्हणून देऊळ. मग लोक गेले. देऊळ एकटं राहिलं. खूप वर्षं. मग कुणीतरी आलं आणि वर कापड घातलं. आता पाऊस लागत नाही."

"मग दुरुस्त का नाही करत?" काकांनी विचारलं. आवाज एकदम मऊ झाला होता.

"करतात ना. पण हळू. आधी खूप बघतात, दगड कुठला, कुठे होता. आधी विचारतात." ती थांबली, बापाकडे बघितलं. "बाबांनी आधी नाही विचारलं. मग विचारलं."

माणसं हसली. काका मोठ्याने हसले. नंदिनीने पदर डोळ्यांना लावला. आरती उल्हासने सुरू करायची, पण तो तिच्याकडेच बघत राहिला. हात, आश्चर्य म्हणजे, दोन्ही स्वस्थ होते. जुईने त्याच्यापुढचं तबक उचललं, निरांजन लावलं आणि पहिला शब्द तिनेच धरला.